अमेरिकन चित्रकलेतील शेतीश्रम

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील एकोणिसाव्या शतकातील लोकजीवनचित्रणाचा एक प्रमुख विषय. स्वतःची जमीन स्वतः कसणारा शेतकरी हा प्रजासत्ताकाचा आधार होय, ही टॉमस जेफर्सनच्या विचारांतून रूढ झालेली धारणा या चित्रांमागे दिसते. त्यामुळे त्यांत सुगी, विसावा व सामुदायिक कामाचा आनंद यांना प्राधान्य मिळाले. मजुरी, गुलामगिरी आणि यंत्रे यांचे दर्शन क्वचितच घडते.

विल्यम सिडनी माउंट (१८०७–६८) याच्या ‘फार्मर्स नूनिंग’ (१८३६) या चित्रात गवत कापणारे दुपारी विसावलेले आहेत. गंजीवर झोपलेल्या कृष्णवर्णीय मजुराच्या कानाला एक गोरा मुलगा काडीने गुदगुल्या करीत आहे. न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी १८२७ मध्ये संपुष्टात आली होती; तरी या थट्टेतून वर्णभेदाची जाणीव प्रकट होते. ईस्टमन जॉन्सन (१८२४–१९०६) याने मक्याची कणसे सोलणारे ग्रामस्थ रंगविले. त्याच्या ‘द क्रॅनबेरी हार्व्हेस्ट’ (१८८०) या चित्रात नॅनटकेट बेटावरील स्त्रिया, मुले व वृद्ध फळे वेचताना दिसतात.

विन्स्लो होमर (१८३६–१९१०) याने या विषयास गांभीर्य दिले. यादवी युद्ध (१८६१–६५) संपताच रंगविलेल्या ‘द व्हेटरन इन अ न्यू फील्ड’ (१८६५) या चित्रात पाठमोरा माजी सैनिक गहू कापीत आहे. त्याचा लष्करी अंगरखा कोपऱ्यात पडलेला आहे. सायरस मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्राला १८३४ मध्येच एकस्व मिळाले होते. येथे मात्र सैनिकाच्या हाती लांब दांड्याचा साधा विळा आहे. होमरने प्रथम त्याला धाटे गोळा करणारी लाकडी दातांची जोड दाखविली होती. पुढे ती रंगाखाली झाकून टाकली. त्यामुळे हा विळा मृत्यूच्या पारंपरिक प्रतीकाशी जुळतो आणि कापणीच्या दृश्यातून रणांगणावरील संहाराचे स्मरण होते.

त्याच्या ‘द कॉटन पिकर्स’ (१८७६) या चित्रात दोन कृष्णवर्णीय तरुणी कापसाच्या शेतात उभ्या आहेत. गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने नष्ट झाली होती. काम मात्र तेच राहिले. दक्षिणेकडील मळ्यांची दृश्ये रंगविणाऱ्या विल्यम एकन वॉकरसारख्या चित्रकारांच्या कृतींत मजूर बहुधा ठरीव नमुन्याचे वाटतात. होमरच्या तरुणींना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व आहे. त्यांच्या मुद्रेवरील विचारमग्नता हीच या चित्राची थोरवी होय.