संभाजीनगर फिरायला एसटीचा पास घ्यावा का?

वेरूळ, अजिंठा, देवगिरी, बीबी का मकबरा असं सगळं एकाच पासात बसत नाही. प्रत्येक ठिकाणी पुरातत्त्व खात्याचं वेगळं तिकीट. १५ वर्षांखालील मुलांना मोफत.

पास आहे तो एसटीचा, ‘आवडेल तेथे प्रवास’, ४ किंवा ७ दिवसांचा. वेरूळ जेमतेम ३० किलोमीटर, देवगिरी त्याच वाटेवर. तेवढ्यासाठी साधं तिकीटच परवडतं. पण शंभरेक किलोमीटरवरचा अजिंठा आणि पुढे लोणार, पैठण, शिर्डी असा बेत असेल, तर पास जरूर घ्या.

वेरूळच्या कैलास लेण्याला अख्खी सकाळ द्या, घाई नकोच! आणि वार पाहून निघा: अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी.