जाहिरात आणि घरभेट

गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये शोधाच्या उत्तरांशेजारी जाहिराती विकण्यास प्रारंभ केला आणि २००७ च्या अखेरीस फेसबुकनेही जाहिरातींचा आपला बाजार मांडला, तेव्हा दुकानदार आणि कारखानदार यांच्या पाठोपाठ अमेरिकेतील लहानसहान ख्रिस्ती मंडळ्याही या बाजारात शिरल्या. कारण ज्यांच्या आयतवारच्या उपासनेस पन्नास-पाऊणशे माणसे जमण्याची मारामार, त्यांनाही आता वर्तमानपत्राचा रकाना विकत न घेता, थोडक्या खर्चात सबंध गावाच्या नजरेस पडता येऊ लागले. या पाव शतकाचा मागोवा घेऊ गेल्यास एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते ती ही की, माणसांना दारापर्यंत आणण्याचे काम यंत्राने कितीही सुलभ केले असले, तरी आलेल्या माणसाला आपलेसे करण्याचे काम पूर्वी जितके श्रमाचे होते तितकेच ते आजही आहे. आणि या दोहोंतील तफावत इंटरनेटने निर्माण केलेली नसून तिचा दाखला अठराव्या शतकाच्या दप्तरातही सापडतो.

१७३९ च्या अखेरीस जॉर्ज व्हाइटफील्ड हा तरुण इंग्रज धर्मोपदेशक अमेरिकेतील वसाहतींच्या दौऱ्यावर निघाला, तेव्हा लंडनच्या रोखेबाजारात पैसा मिळवलेला विल्यम सेवर्ड त्याच्यासोबत होता, आणि आगामी प्रवचनांच्या सूचना व मागील सभांच्या गर्दीची वर्णने, जणू एखाद्या त्रयस्थाने लिहिली असावीत अशा भाषेत वर्तमानपत्रांकडे धाडण्याचे काम तो मोठ्या हिकमतीने करी. फिलाडेल्फियात बेंजामिन फ्रँकलिन हा या प्रवचनांचा मुद्रकही होता आणि श्रोताही. एका सायंकाळी व्हाइटफील्ड न्यायकचेरीच्या पायऱ्यांवरून बोलत असता त्याचा आवाज कोठवर पोहोचतो हे पाहण्याची जिज्ञासा फ्रँकलिनला झाली. म्हणून मार्केट स्ट्रीटने नदीच्या दिशेस तो मागे मागे सरकत गेला, फ्रंट स्ट्रीटनजीक गोंगाटात शब्द बुडाले तेथे थांबला, तेवढ्या अंतराच्या त्रिज्येचे अर्धवर्तुळ कल्पून त्यात माणशी दोन चौरस फूट जागा धरली आणि तीस हजारांहून अधिक लोकांना हा आवाज ऐकू जाईल असा हिशेब त्याने केला. आज जाहिरातीच्या तक्त्यावर ‘पोहोच’ या सदराखाली जो आकडा झळकतो, त्याच जातीची ही आकडेमोड. आणि तिच्यातील उणीवही तीच, की ज्याच्या कानी शब्द पडला तो माणूस दुसऱ्या दिवशी कोठे गेला याची नोंद त्या अर्धवर्तुळात होत नव्हती.

ती नोंद ठेवण्याची रीत व्हाइटफील्डचा समकालीन धर्मोपदेशक जॉन वेस्ली याला गवसली ती कर्जफेडीच्या निमित्ताने. ब्रिस्टल येथील सभागृहावरचे देणे कसे वारावे याचा खल फेब्रुवारी १७४२ मध्ये चालला असता, प्रत्येक सभासदाने आठवड्यास एक पेनी द्यावी अशी सूचना पुढे आली. गरिबांस हे झेपणार नाही असा आक्षेप निघताच, सूचना करणाऱ्याने अकरा गरीब सभासद आपल्या नावे लावून घेतले आणि त्यांच्याकडे दर आठवड्यास आपण जाऊ, ज्याच्यापाशी पेनी नसेल त्याच्या वाटची आपण भरू, असे सांगितले. वसुलीसाठी घरोघर जाणाऱ्यांच्या दृष्टीस मग पैशाहून निराळ्याच बाबी पडू लागल्या. कोणाचे आचरण ढासळले आहे, कोणाच्या घरात कलह आहे, हे उंबरठ्याच्या आत गेल्यावाचून कळणारे नव्हते. वेस्लीने त्याचा शिरस्ताच करून टाकला: सुमारे बारा जणांचा एक वर्ग, त्यावर एक प्रमुख, आठवड्यातून प्रत्येकाची एक गाठ. व्हाइटफील्डची वाणी अधिक प्रभावी होती; तरी पिढ्यानुपिढ्या टिकलेला संप्रदाय मागे राहिला तो मुख्यत्वे वेस्लीचा.

आपल्याकडेही दूरवरची हाक आणि घरभेट यांची हीच जोडी दिसते. फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरलेले अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल मराठी पुस्तिका वाटीत गावोगाव फिरले आणि १८२६ मध्ये नाशिकहून परतताना वाटेतच पटकीने वारले. १८४२ मध्ये अहमदनगरास ‘ज्ञानोदय’ निघाला. छापील मजकूर दूरवर गेला. पण मंडळ्या उभ्या राहिल्या त्या शाळामास्तर, पाळक आणि घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या ख्रिस्ती स्त्रिया यांच्या पायपिटीवर. पुढे १९८० मध्ये कॅलिफोर्नियात रिक वॉरन या तरुण पाळकाने आधी परिसरातील दारे ठोठावून, तुम्ही चर्चला का जात नाही, अशी विचारपूस केली, आणि मग सुमारे पंधरा हजार घरी पत्रे टाकली. त्या ईस्टरला एका शाळेच्या नाट्यगृहात दोनशे पाच माणसे जमली. पत्रापूर्वी विचारपूस झाली होती, हे या उदाहरणाचे अनुकरण करणाऱ्यांच्या ध्यानी क्वचितच राहिले.

ऑनलाइन जाहिरातीने हा क्रम उलटा केला. गूगलने २००३ पासून धर्मादाय संस्थांना विनामूल्य जाहिरातींची सवलत दिली, महिन्यास दहा हजार डॉलरांपर्यंतची. आणि २०१८ पासून, शंभर वेळा दिसलेल्या जाहिरातीवर निदान पाच वेळा बोट पडले पाहिजे, अशी अट घातली. फेसबुकवर तर श्रद्धेशी संबंधित आवडीनिवडींवरून माणसे निवडण्याचीही सोय होती. ती कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये काढून घेतली, तेव्हा लहान मंडळ्यांच्या हाती मुख्यत्वे अंतर आणि वय एवढीच चाळणी उरली. त्यातच २०१५ पासून असा अर्ज निघाला होता की जाहिरातीवर बोट ठेवताच आपले नाव, ईमेलचा पत्ता व फोन आधीच भरलेले समोर येतात आणि आणखी एका स्पर्शात ते मंडळीच्या दप्तरी दाखल होतात. या सोयीतच गोम आहे. बसची वाट पाहत ज्याने दोनदा बोट टेकवले, त्याला आठवड्याने फोन गेला तर आपण काही विचारले होते याचे स्मरणही उरत नाही. तेच त्याच दिवशी कोणी नावाने हाक मारून, तुमच्या मनात काय होते, असे आस्थेने विचारले, तर त्या स्पर्शामागची गरज, मग ती मुलांच्या शब्बाथशाळेची असो, नुकत्याच झालेल्या मृत्यूची असो की परक्या गावातील एकटेपणाची, हळूहळू बाहेर येते.

मार्च २०२० नंतर कोविडच्या साथीत चर्चची दारे बंद झाली आणि उपासना पडद्यावर गेली, तेव्हा पाठपुराव्याची ही परीक्षा अधिक कडक झाली. पाहणाऱ्यांचे आकडे फुगले, पण ज्यांच्या घरी औषध पोहोचवायला किंवा फोनवर प्रार्थना करायला कोणी होते, त्यांचे नाते निराळे राहिले. अर्थात पाठपुराव्यालाही मर्यादा हवी. एकदा नकार मिळाल्यावर पुन्हा पुन्हा निरोप धाडणे हा तगादा होय. आणि भारतात, जेथे चौकशी करणारा अन्य धर्माचा असू शकतो व अनेक राज्यांत धर्मांतरासंबंधी कायदे आहेत, तेथे तर त्याने होऊन बोलावल्यावाचून त्याच्या दारी न जाणे हा सभ्यतेचा आणि विवेकाचाही भाग आहे.

म्हणून, जाहिरातीवर किती खर्च करावा, हा प्रश्न कोणी लहान मंडळी विचारील तर त्याचे उत्तर तिच्या तिजोरीकडे पाहून देऊ नये. आठवड्यात नव्या माणसांना निवांत भेटू शकतील अशी माणसे तिच्यापाशी किती, हे आधी मोजावे. अशी चार असली आणि प्रत्येकाला तीन भेटी झेपत असल्या, तर बारा नावे येतील एवढीच जाहिरात करावी. तेरावे नाव यादीत अनुत्तरित पडून राहावे, त्यापेक्षा ते त्या आठवड्यात आलेच नाही तर बरे.