गाभण राहणं रक्तातही असतं

‘गाय गाभण राहणं हा चाऱ्याचा आणि नशिबाचा मामला, रक्ताचा तिथे काय संबंध?’ मांसासाठी गुरं पाळणाऱ्या देशांतही ही समजूत बरीच वर्षं पक्की होती, आणि तिला आकड्यांचा आधार होता. हंगामात गाय गाभण राहिली की नाही, एवढंच नोंदवलं तर गायीगायींतल्या फरकाचा जेमतेम दहावा हिस्सा आनुवंशिक निघतो. पण या हो-नाहीत फार काही दडून जातं. वळू सोडल्यावर पहिल्याच आठवड्यात गाभण राहिलेली आणि शेवटच्या आठवड्यात कशीबशी राहिलेली, दोघींची नोंद एकच!

उत्तर ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी म्हणून मोजमापच बदललं. तिथली ब्राह्मन जात अमेरिकेत घडली, पण तिचं मूळ भारतीय: गीर, ओंगोल, कांकरेज आणि सांगली-कोल्हापूरकडची कृष्णाकाठची गुरं. या कालवडींना दर चार-सहा आठवड्यांनी खोड्यात उभं करून सोनोग्राफीने बीजांडकोश तपासला. त्यावर बीज सुटल्याची खूण असलेला पीतपिंड पहिल्यांदा दिसला, की कालवड वयात आली. सरासरी वय निघालं सुमारे 750 दिवस, आणि त्यातल्या फरकाचा निम्म्याहून अधिक भाग आनुवंशिक. पहिलारू गाय वासराला पाजत असताना पुन्हा माजावर यायला किती दिवस घेते, यातही रक्ताचा वाटा असाच मोठा आढळला. उत्तरेकडच्या कोरड्या कुरणांवर गाय एक वर्ष रिकामी जाते ती बहुधा याच टप्प्यावर, म्हणून हा शोध मला सर्वांत मोलाचा वाटतो. चारा कमी पडला तर उत्तम रक्ताची गायही माजावर येणार नाही, हे खरंच. पण त्याच कुरणावर चरणाऱ्या दोघींपैकी एक लवकर सावरते, ती निवडता येते.

यातूनच ‘ब्राह्मन म्हणजे उशिरा फळणारी जात’ हा शिक्काही अर्धवट ठरतो. जातीची सरासरी उशिराची आहे, पण त्याच कळपात काही कालवडी वर्ष-सव्वा वर्षात वयात येतात, तर काहींना जवळपास तीन वर्षं लागतात. निवडीला एवढा वाव असताना जातीला दोष देऊन थांबणं चूक आहे.

‘वळू अंगाने भरला की झालं’ हेही तसंच. टेपने मोजलेला वृषणाचा घेर आनुवंशिक असतो. मोठ्या घेराच्या वळूच्या मुली सरासरीने लवकर वयात येतात.

‘वांझपणा पुढच्या पिढीत जाईलच कसा?’ पूर्ण वांझपणा बहुतेक जात नाही, पण अर्धवट दोष जातो. 1964 मध्ये स्वीडनच्या गुस्ताव्हसन यांनी गुरांत 1 आणि 29 क्रमांकाची गुणसूत्रं जोडली गेल्याचं दाखवलं. असा वळू दिसायला ठणठणीत, रेतनही करतो, पण त्याचे काही गर्भ सुरुवातीलाच मरतात आणि गाय उलटते. दोष मात्र गायीच्या माथी. उलट वळू-कालवडीच्या जुळ्यातली कालवड बहुधा वांझ निघते, त्याचं कारण आनुवंशिक नाही. गर्भाशयात भावाचं रक्त तिच्यात मिसळलेलं असतं.

संकराने प्रजनन बिघडतं, हा समजही तपासावा. ज्या गुणांची आनुवंशिकता कमी, त्यांनाच संकराचा फायदा जास्त होतो, आणि गाभण राहणं त्यातच मोडतं.

ही निवड आकड्यांवरून करता येते. गुरांचं आनुवंशिक मूल्य मांडणाऱ्या ऑस्ट्रेलियातल्या ‘ब्रीडप्लॅन’ पद्धतीत वळूच्या नावापुढे ‘विण्यापर्यंतचे दिवस’ असा आकडा असतो. तो उणे दिसला की नवखे पशुपालक बिचकतात. इथे उणे म्हणजे चांगलं: वळू सोडल्यापासून त्याच्या मुली लवकर वितात.