सागराचा हिशेब : किनारी माहितीकोशाची रचना

भूमीचा नकाशा एकदा काढला की तो काही वर्षे तरी उपयोगी पडतो. शेताचा बांध, गावाची शीव, रस्त्याचे वळण ही सहसा एका रात्रीत हलत नाहीत. समुद्राची गोष्ट निराळी. दिवसातून दोन वेळा भरती येते, दोन वेळा ओहोटी लागते. पावसाळ्यातील लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि पाऊस सरल्यावर हळूहळू परत आणून टाकतात. पाण्याचे तापमान व क्षारता तर खोलीगणिक आणि ऋतुगणिक बदलतात. अशा चंचल सृष्टीचा हिशेब कसा ठेवावा, हा प्रश्न गोव्यासारख्या किनारी प्रदेशाच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

१९६२ ते १९६५ या काळात झालेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेची स्थापना झाली. आज दोनापावल येथे तिचे मुख्यालय आहे. तेव्हापासून अरबी समुद्राविषयी विपुल नोंदी जमा झाल्या आहेत. बंदरे, मत्स्यव्यवसाय, नगररचना, वने ही खातीही आपापल्या गरजेनुसार नोंदी ठेवतात. परंतु समुद्र एकच असला तरी वह्या अनेक आहेत. एका वहीतील नोंद दुसरीशी ताडून पाहता यावी, यासाठी संगणकातील माहितीकोशाची मांडणी आधी विचारपूर्वक ठरवावी लागते. या मांडणीच्या आराखड्यालाच भौगोलिक माहितीकोशाचे प्रारूप म्हणतात.

जागा एक, नोंदी अनेक

जमिनीसाठी सिद्ध झालेल्या नकाशापद्धतीत प्रत्येक वस्तू बिंदू, रेषा किंवा क्षेत्र या रूपाने दाखविली जाते. विहीर हा बिंदू, रस्ता ही रेषा, तर शेत हे क्षेत्र. समुद्रासाठी एवढ्याने भागत नाही, कारण तेथे खोली आणि काळ यांनाही स्थान द्यावे लागते. ही उणीव ओळखून अमेरिकेतील ऑरेगन राज्य विद्यापीठाच्या डॉन राइट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘आर्क मरीन’ नावाचे सागरी प्रारूप सिद्ध केले. त्यावरील त्यांचा ग्रंथ २००७ मध्ये प्रसिद्ध झाला.

या विचारसरणीचे मर्म सोप्या उदाहरणांनी समजते. बंदरातील भरतीमापक यंत्र जागचे हलत नाही. त्याचे आकडे मात्र क्षणोक्षणी बदलतात. हा स्थिर जागेचा व वाहत्या काळाचा बिंदू होय. आर्गो तरंगते यंत्र याच्या उलट आहे. ते प्रवाहाबरोबर वाहत जाते, साधारणतः दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपासून वर येत तापमान व क्षारता मोजते आणि आपले निष्कर्ष उपग्रहाकडे धाडते. येथे जागाही बदलते आणि काळही. संशोधन जहाजाचा मार्ग ही रेषा खरी, पण तिच्या प्रत्येक टप्प्याला वेळ जोडलेली असते. मोरजी किंवा गालजीबाग येथे कासवे अंडी घालतात तो पट्टा हे क्षेत्र आहे. तथापि त्याचे महत्त्व विशिष्ट महिन्यांत विशेष असते.

म्हणून प्रारूपात जागेचे कोष्टक आणि मोजमापाचे कोष्टक वेगळे ठेवतात व एका क्रमांकाने ती परस्परांशी जोडतात. समजा, एका ठिकाणी पाच निरनिराळ्या खोलींवर, आठवड्यातून एकदा, याप्रमाणे दहा वर्षे तापमान घेतले. एकूण नोंदी २,६०० झाल्या. जागा मात्र एकच. तिचे अक्षांश-रेखांश एकदाच लिहिले असतील, तर त्यातील चूक एका ठिकाणी सुधारली की सर्व नोंदी सुधारतात. अन्यथा तीच दुरुस्ती २,६०० वेळा करावी लागेल. यंत्र कोणते व मोजणी कोणी केली, याचेही स्वतंत्र कोष्टक असते. कारण यंत्र बदलल्यामुळे पडलेला फरक समुद्राच्या माथी मारला जाऊ नये.

किनारा कोठे सुरू होतो?

खरी कसोटी लागते ती जमीन व पाणी यांच्या सीमेवर. भूमीवरील उंची सरासरी समुद्रपातळीपासून मोजतात, तर नाविक नकाशातील खोली ओहोटीच्या नीचतम पातळीच्या जवळपास धरलेल्या पायापासून मोजतात. गोव्याच्या किनाऱ्यावर या दोन पायांत मीटरभराहून अधिक अंतर आहे. दोन्ही नकाशे न जुळवता एकत्र केले, तर किनाऱ्यावर नसलेली पायरी दिसू लागते. सखल खाजन शेतीच्या बाबतीत अशी एक मीटरची चूक म्हणजे कोरडे शेत आणि बुडालेले शेत यांतील फरक होय.

लांबीचेही तसेच आहे. भारताचा किनारा अनेक वर्षे ७,५१६ किलोमीटर मानला जात असे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात तो ११,०९८ किलोमीटरांहून अधिक नोंदविला गेला. देशाची भूमी वाढली असा याचा अर्थ नव्हे. अधिक बारीक प्रमाणाच्या नकाशावर खाड्या व वळणे मोजली गेली, एवढेच. यास्तव प्रत्येक किनारारेषेसोबत नकाशाचे प्रमाण, मोजणीची तारीख आणि रेषेची व्याख्या नोंदविणे अगत्याचे ठरते.

रेषेमागील माणसे

किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत समुद्राकडील पट्टा भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत धरला होता आणि ग्रामीण किनाऱ्यावर पहिले २०० मीटर बांधकामास सर्वसाधारणपणे वर्ज्य होते. त्याच अधिसूचनेत गोव्यातील खाजन जमिनींसाठी विशेष तरतुदीही होत्या. तीनुसार सिद्ध झालेल्या गोव्याच्या आराखड्यावर २०२१ मध्ये जनसुनावणी झाली व २०२२ मध्ये त्यास केंद्राची मंजुरी मिळाली. अशा आराखड्यात रापणकाराचे घर, होड्या ओढण्याची जागा, वाळूची टेकडी, खाजनाचा बांध व मानस हे सारे एका रेषेच्या अलीकडे वा पलीकडे पडते. रेषा पंधरा मीटर सरकली, तर एखाद्या कुटुंबाचा दुरुस्तीचा अर्ज निराळ्या नियमाखाली येऊ शकतो.

म्हणूनच उत्तम प्रारूपात जुनी रेषा कधी पुसली जात नाही. नवी रेषा तिच्याशेजारी, आपल्या तारखेसह, नोंदविली जाते. त्यायोगे किनारा खरोखर झिजला की केवळ मोजण्याची रीत बदलली, हे सांगता येते. मांडवी व जुवारीत भरतीचा प्रभाव सुमारे ५० किलोमीटर आतपर्यंत पोहोचतो. तेव्हा हा हिशेब केवळ वाळूच्या किनाऱ्यापुरता नसून नदीकाठच्या गावांचाही आहे.

माहितीकोश स्वतः निर्णय देत नाही. मात्र ग्रामस्थ म्हणतो, “येथे पूर्वी टेकडी होती,” आणि अधिकारी म्हणतो, “नकाशात ती नाही,” तेव्हा कोणता नकाशा, कोणत्या वर्षाचा व कोणत्या प्रमाणाचा, हे दोघांनाही एकाच पानावर पाहता यावे, एवढे काम त्याने निश्चित करावे. ग्रामस्थांच्या अनुभवालाही तारीख व जागा जोडून त्यात स्थान देता येते. ज्या हिशेबात नोंद करणाऱ्याचे नाव आणि दिवस लिहिलेला असतो, तोच हिशेब वादाच्या प्रसंगी उपयोगी पडतो. समुद्राचा हिशेबही त्याला अपवाद नाही.