बुडणाऱ्यापर्यंत आधी पोहोचते ती शेजारची होडी

गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी चारच्या सुमारास नौदलाची स्पीडबोट धडकली. इंजिनाची चाचणी चालू असताना तिच्यावरचा ताबा सुटला होता. ‘नीलकमल’वर शंभराहून अधिक माणसे होती. या अपघातात १५ जणांचा जीव गेला. बाकीचे वाचले, त्यात नौदल आणि तटरक्षक दलाचा वाटा आहेच. पण त्या वेळी आपापल्या कामाने जवळपास असलेल्या बोटींचाही मोठा वाटा आहे. ‘पूर्वा’ नावाची पायलट बोट त्यांपैकीच एक. साडेतीन वर्षांची एक मुलगी निपचित पडली होती, आपण तिची छाती दाबत राहिलो आणि तिचा श्वास परतला, असे या बोटीच्या चालकाने नंतर वार्ताहरांना सांगितले. तो डॉक्टर नव्हता, पण त्या क्षणी तिथे होता.

जालन्याला समुद्र नाही, मग हे इथे कशाला, असे कोणी म्हणेल. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. घाणेवाडीचा जलाशय आहे, मोती तलाव आहे, दुधना आणि पूर्णा आहेत. मराठवाड्यात कित्येक ठिकाणी आजही थर्माकोलच्या चप्पूवर बसून माणसे पलीकडे जातात, शाळकरी मुलेसुद्धा. पैठणला, उजनीला, महाबळेश्वरला आपण सहलीला जातो आणि हौसेने होडीत बसतो. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला जाणारी बोट वादळी वाऱ्यात उलटली. सात जणांपैकी एक पोहत काठाला लागला, सहा जण बुडाले. बचाव पथके नंतर आली आणि त्यांनी कसून शोध घेतला, पण तोवर शोध मृतदेहांचाच उरला होता.

पथकाचा यात दोष नाही, शरीराचे गणितच तसे आहे. नाकातोंडात पाणी शिरू लागले की स्वरयंत्र आवळले जाते. श्वास कोंडतो, रक्तातला प्राणवायू झपाट्याने घटतो आणि मिनिटा-दोन मिनिटांत शुद्ध हरपते. हृदय त्यानंतरही काही काळ चालू असते. हीच वेळ हाताशी असते. चार ते सहा मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरू लागतात. बर्फाळ पाण्यात बुडालेले मूल बऱ्याच वेळाने वाचल्याच्या बातम्या परदेशातून येतात. आपल्या कोमट पाण्यात तशी सवलत मिळत नाही.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवतो, हे सिनेमातले झाले. श्वासच घेता येत नाही तिथे ओरडणार कशाने? तो पाण्यात उभा असल्यासारखा दिसतो, तोंड पाण्याखाली जाते आणि वर येते, हात दोन्ही बाजूंना पाणी दाबत असतात. ही धडपड मोठ्या माणसातही फार तर मिनिटभर टिकते आणि लहान मुलात त्याहूनही कमी. हाक मारल्यावर उत्तर आले नाही तर तो बुडतो आहे असे समजावे.

मग उडी मारायची का? पट्टीचा पोहणारा आणि बुडत्याला ओढण्याचे शिक्षण घेतलेला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घाबरलेला माणूस हाताला लागेल त्यावर चढतो, वाचवायला आलेल्याच्या खांद्यावरही. म्हणून एकाच्या जागी दोघे-तिघे जातात. एका कुटुंबातली दोन-तीन माणसे एकाच वेळी शवविच्छेदनाला येतात, तेव्हा पहिला कोण बुडाला हे विचारण्याचेही बळ राहत नाही. तरबेज माणसांनाही पाणी सोडत नाही. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यातील सुगावजवळ प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटली आणि तीन जवान गेले.

होडीत असाल तर आधी ११२ ला फोन लावायला एकाला सांगा. समुद्रावर तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ आहे. स्वतःचे लाइफ जॅकेट बांधलेले आहे ना, ते पाहा. ते बाकाखाली ठेवून काही उपयोग नाही, आणि पाण्यात पडल्यावर ते अंगात घालणे भल्याभल्यांना जमत नाही. बुडणाऱ्याजवळ जाताना वेग कमी करा, शेवटच्या काही हातांवर पंखा फिरता ठेवू नका. दोर फेका. दोर नसेल तर वल्हे पुढे करा, रिकामा झाकणबंद कॅन, ट्यूब, ओढणी, जे असेल ते. कॅनमध्ये तांब्याभर पाणी ठेवले तर तो वाऱ्याने भरकटत नाही आणि लांब जातो. माणसाला वर घेताना मात्र सगळे एका कडेला धावतात आणि चांगली होडीही कलंडते. दोघांनी ओढावे, बाकीच्यांनी पलीकडच्या बाजूला खाली बसून राहावे. आपलीच होडी उलटली आणि ती तरंगत असेल तर तिला धरून राहा. काठ दिसतो तितका जवळ नसतो.

वर घेतलेला माणूस श्वास घेत नसेल तर इथून पुढचे काम माझ्या खात्यातले आहे, पण ते तुम्हालाच करायचे आहे. हृदयविकाराच्या झटक्यात नुसती छाती दाबली तरी चालते, असे हल्ली शिकवतात आणि ते बरोबर आहे, कारण त्या माणसाच्या रक्तात काही वेळ पुरेल इतका प्राणवायू असतो. बुडालेल्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो. म्हणून इथे आधी श्वास. हनुवटी वर उचलून, नाक चिमटीत धरून, तोंडाला तोंड लावून छाती वर येईल इतपत पाच फुंकरा द्या. तान्ह्या बाळाचे नाक-तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्या. तरीही हालचाल नसेल तर छातीच्या मधोमध ३० दाब आणि दोन श्वास, पुन्हा ३० आणि दोन. होडीच्या हेलकाव्यात दाब नीट बसत नाहीत, श्वास मात्र देता येतो. काठाला लागेपर्यंत तो देत राहा. तोंडातून फेस येईल, तो पुसण्यात वेळ घालवू नका. उलटी बहुतेकांना होते. झाली की कुशीवर वळवून तोंड साफ करून पुन्हा सुरू करा.

आणि जे करू नये ते आपल्याकडे हमखास केले जाते. पोरगे पाय धरून उलटे टांगतात, खांद्यावर पालथे घालून पळतात, पोट दाबून पाणी काढतात. पोटातून जे निघते ते गिळलेले पाणी; त्याने कोणी मरत नाही. पण ते अन्नासकट श्वासनलिकेत उतरते. फुप्फुसात गेलेले पाणी बहुधा थोडेच असते, आणि ते असे ओतून निघत नाही. बुडालेल्याला मिठाच्या ढिगात ठेवले की तो जिवंत होतो, असा एक संदेश मोबाइलवर फिरत असतो. त्यापायी कोणाचे तास-दोन तास गेले, तर आम्ही काही करू शकत नाही.

शुद्धीवर आला, बोलला, चहा प्यायला, की नातेवाईक त्याला घरी न्यायला बघतात. फुप्फुसांना आतून फुगते ठेवणारा पातळ थर पाण्याने धुऊन गेलेला असतो, आणि त्याचा त्रास काही तासांनी दिसू शकतो: खोकला, धाप, गुंगी. पहिला एक्स-रे साफ असतो, म्हणून हुरळून जाऊ नये. श्वास दिल्यावर शुद्धीवर आलेला किंवा पाण्यातून काढल्यावर खोकत असलेला प्रत्येक जण किमान सहा-आठ तास रुग्णालयात राहिलाच पाहिजे. त्यासाठी १०८ आहे.

आपल्या जिल्ह्यात होडीपेक्षा जास्त धाक मला शेततळ्यांचा वाटतो. कडवंचीसारख्या गावात त्यांनी द्राक्षबागा उभ्या केल्या, हे कौतुकाचेच. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावर शेवाळ धरते आणि चांगला पोहणाराही त्यावरून वर चढू शकत नाही. काठाला खुंट ठोकून चारही बाजूंनी गाठी मारलेला दोर पाण्यात सोडला, एक ट्यूब बांधून ठेवली, तर खर्च किरकोळ आहे. विसर्जनाच्या घाटावरही हेच.

रुग्णालयात आणल्यावर आम्ही तीनच गोष्टी विचारतो. पाण्याखाली किती वेळ होता, पहिला श्वास कोणी आणि कधी दिला, उलटी झाली का. वाचवणारा माणूस रुग्णाला दारात सोडून गर्दीत नाहीसा होतो आणि सोबत येतात त्यांना यातले काहीच माहीत नसते. त्याने पाच मिनिटे थांबावे. ओले कपडे बदलायची सोय आम्ही करतो.