नवरा, बायको आणि हिपॅटायटिस सी

रिपोर्टवर ‘हिपॅटायटिस सी पॉझिटिव्ह’ असं आलं की घरात पहिला प्रश्न उठतो तो ‘कुठून आणलंस?’ असा. आजार राहतो बाजूला आणि चारित्र्याची चौकशी सुरू होते. हा अन्याय आहे. हा आजार बाहेरच्या शरीरसंबंधांतूनच येतो, या ज्या समजुतीवर तो उभा आहे, ती समजूतच चुकीची आहे.

हा विषाणू पसरतो तो रक्तातून. पुन्हा वापरलेली सुई, नीट निर्जंतुक न केलेली दात काढायची किंवा गोंदायची अवजारं, रक्तपेढ्यांत याची तपासणी सक्तीची होण्याआधी चढवलेलं रक्त अशा वाटांनी तो शरीरात शिरतो आणि वर्षानुवर्षं लक्षणांशिवाय राहतो. लग्नाआधी लागलेला आजार त्यामुळे पन्नाशीतही कळू शकतो.

उत्तर कॅलिफोर्नियात 500 एकनिष्ठ स्त्री-पुरुष जोडप्यांचा अभ्यास झाला. प्रत्येक जोडप्यात एकाला लागण होती. तो 2013 साली प्रसिद्ध झाला. 20 जोडीदारांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, पण दोघांचे विषाणू एकमेकांशी घट्ट जुळले ते फक्त 3 जोडप्यांत. संशोधकांच्या हिशेबाने धोका जास्तीत जास्त 1,90,000 संबंधांमागे एक! म्हणूनच अशा जोडप्यांना केवळ या आजारापायी कंडोम वापरायलाच हवा, असा आग्रह डॉक्टर धरत नाहीत. जोडीदाराची एकदा तपासणी मात्र करून घ्यावी, आणि दाढीचं ब्लेड, ब्रश, नेलकटर वेगळे ठेवावेत. एका ताटात जेवल्याने, मिठीने, चुंबनाने तो पसरत नाही.

मग शरीरसंबंधांतून कधीच लागत नाही का? तसंही नाही. 2000 नंतर लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम इथे एचआयव्हीसह जगणाऱ्या समलिंगी पुरुषांमध्ये याच्या साथी आढळल्या. गुदसंभोगात नाजूक अस्तर फाटून रक्त येणं, सिफिलिससारखे आजार, एकाच वेळी अनेक जोडीदार, संबंधांच्या वेळची नशा यांनी धोका वाढतो. अशांनी कंडोम वापरावा आणि नियमित तपासणी करावी. त्यांना लाजवून तपासणीपासून दूर लोटणं सगळ्यांनाच महागात पडतं.

प्रतिपिंडं पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आज अंगात आहेच, असंही नाही. बरं झाल्यावरही ती रक्तात राहतात. खरं काय ते आरएनए चाचणी सांगते. विषाणू सापडलाच, तर साधारण 12 आठवड्यांच्या गोळ्यांनी 95 टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. 2018 पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. लस मात्र हिपॅटायटिस ‘बी’वर आहे, ‘सी’वर नाही. एकदा बरं झालेल्यालाही ‘सी’ पुन्हा होऊ शकतो.