रिंग मोठी, वाट अरुंद

गोंदियात पहिल्यांदाच बास्केटबॉल हाती घेणारी मुलं चेंडू सरळ रिंगवर फेकतात आणि तो कडेवर आदळून परत येतो. मुलांना वाटतं, जोर कमी पडला. चुकतो तो कोन! रिंग ४५ सेंमी रुंद, चेंडू साधारण २४. वरून पाहिलं तर जागाच जागा. पण ३० अंशांनी उतरणाऱ्या चेंडूला तीच रिंग चपटी, जेमतेम साडेबावीस सेंमीची मिळते. कडेला न लागता तो आत जाणार कसा? ४५ अंशांत वाट ३२ सेंमी होते. म्हणून चेंडू उंच कमानीत सोडा.

१८९१ मध्ये हा खेळ सुरू करताना जेम्स नायस्मिथ यांनी सज्जाच्या कठड्याला, दहा फुटांवर, पीचच्या टोपल्या टांगल्या. रिंगची उंची आजही तीच आहे. तिथवर कमानीत चेंडू सोडताना बोटांच्या टोकांनी त्याला उलटी फिरकीही द्या. रिंगमागच्या फळ्यावर आपटलेला चेंडू मग खाली, जाळीकडे वळतो.